लहान मिलिंग मशीनसाठी रोटरी टेबल: आधी उंची मोजा, मग व्यास बघा

रोटरी टेबल म्हणजे मिलिंग मशीनवर जॉब (कापायचा तुकडा) धरून हँडलने हव्या त्या कोनात फिरवायची गोल तबकडी. ते घ्यायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, चार इंची घेऊ की सहा इंची? लहान मशीनवर काम करणाऱ्याने हा प्रश्न शेवटी विचारावा, असं माझं ठाम मत आहे. व्यासावरून तबकडी केवढी ते कळतं, पण काम अडतं ते बहुधा स्पिंडलखाली (टूल फिरवणाऱ्या दांड्याखाली) उरणाऱ्या जागेवर. टेबल, त्यावर चक (जॉब धरणारी पकड), चकात जॉब आणि वरून येणारं टूल एवढं सगळं त्या जागेत मावायला हवं. मावलं नाही तर कितीही अचूक टेबल असलं तरी ते कपाटातच राहतं. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्या.

१. रोटरी टेबल खरंच लागणार आहे का?

फ्लँजवर गोलाकार ओळीत भोकं पाडायची, एवढंच काम असेल तर टेबलाची गरज नाही. ५० मिमी व्यासाच्या वर्तुळावर सहा भोकं हवी असतील, तर केंद्रापासून पहिलं भोक एक्समध्ये (डाव्या-उजव्या दिशेत) २५ मिमीवर येतं. दुसऱ्याचं एक्स १२.५ आणि वाय (पुढे-मागे) २१.६५. उरलेल्या भोकांसाठी हेच आकडे चिन्ह बदलून वापरायचे. मशीनवर डिजिटल रीडआउट (सरकलेलं अंतर आकड्यांत दाखवणारा पडदा) असेल तर त्यात बहुधा हा हिशेब तयारच मिळतो. या पद्धतीत टेबलाची उंचीही वाया जात नाही आणि सेटिंगचा वेळही वाचतो.

शाफ्टच्या टोकाला षटकोन किंवा चौकोन काढायचा असेल तर कोलेट ब्लॉक पुरतो, म्हणजे गोल दांडा घट्ट धरणारी नळी (कोलेट) बसवलेला षटकोनी किंवा चौकोनी ठोकळा. ब्लॉक व्हाइसमध्ये धरायचा, एक बाजू कापायची, ब्लॉक फिरवून पुन्हा धरायचा.

टेबल हवंच, अशी कामं वेगळी असतात: गोलाईत जाणारा स्लॉट, पट्टीचं टोक गोल करणं, वर्तुळाकार खाच, गिअरचे दात, स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांबट खाचा), डायलवरच्या अंशांच्या रेषा. कटर फिरत असताना जॉबही सावकाश फिरवावा लागतो, अशा कामांना पर्याय नाही. पुढच्या काही महिन्यांत करायच्या कामांची यादी लिहून काढा. त्यात फक्त समान भाग पाडायचे असतील आणि कटिंग करताना जॉब फिरवायचा नसेल, तर डिव्हायडिंग हेड (जॉब समान भागांत फिरवून धरणारं साधन) जास्त सोयीचं पडेल. यादीत गोलाईची कामं असतील तर पुढे वाचा.

२. मोजमापासाठी हाताशी काय हवं

- व्हर्निअर कॅलिपर आणि स्टील पट्टी
- मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, शक्यतो लिव्हर डायल
- गुण्या
- तुमच्या मशीनचं माहितीपत्रक
- जे टेबल घ्यायचा विचार आहे त्याचं मापांसह रेखाचित्र आणि विभागणीचा तक्ता

रेखाचित्र विक्रेत्याकडून आवर्जून मागून घ्या. नुसत्या फोटोवरून उंची किंवा हँडलची लांबी कळत नाही.

आता मशीनची मापं घ्या. हेड पूर्ण वर नेऊन स्पिंडलच्या नाकापासून मशीनच्या बेडपर्यंतचं (रोटरी टेबल ज्यावर बसतं त्या सपाट भागापर्यंतचं) अंतर, स्पिंडलच्या मध्यापासून कॉलमपर्यंतचं अंतर, बेडची रुंदी, टी-स्लॉटची (बोल्ट सरकवायच्या खाचांची) रुंदी आणि दोन स्लॉटमधलं अंतर टिपून ठेवा. माहितीपत्रकात हे आकडे असले तरी स्वतः मोजा. काही माहितीपत्रकांत स्पिंडलपासूनची उंची वेगळ्या जागेवरून मोजलेली असते.

३. उंचीचा हिशेब कागदावर मांडा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

समजा, तुमच्या मशीनवर स्पिंडलचं नाक ते बेड हे अंतर २५० मिमी आहे. सहा इंची टेबल आडवं ठेवलं तर साधारण ८० मिमी उंची घेतं. चक बसवायची प्लेट १५, जॉ (पकडीचे जबडे) धरून चक ७५, चकाच्या वर निघालेला जॉब २०. बेरीज झाली १९०. उरले ६० मिमी. कोलेटमध्ये धरलेलं एंड मिल (मिलिंगचा कटर) ४५ मिमी बाहेर असेल तर ते जेमतेम बसतं. पण ड्रिल चक लावला की त्याचा आर्बर (चक स्पिंडलला जोडणारा दांडा), चक आणि ड्रिल मिळून सहज १३० मिमी होतात. म्हणजे मिलिंग करता येईल, पण ड्रिलिंगसाठी टूल बदलायला गेलात की जागाच उरणार नाही.

याच ठिकाणी चार इंची टेबल ठेवून बघा. टेबल ७०, प्लेट १०, लहान चक ६५, जॉब २०, म्हणजे १६५. उरले ८५. एंड मिल आरामात बसतं, ड्रिल चक तरीही बसत नाही.

आता आकडे नीट बघा. दोन टेबलांच्या उंचीत फरक फक्त १० मिमीचा होता. खरी जागा चक आणि ड्रिल चक खातात. म्हणून लहान टेबल घेतलं की प्रश्न सुटला, असं धरून चालू नका. जागा वाचवायचे मार्ग वेगळे आहेत:

चकाऐवजी जॉब थेट तबकडीवर क्लॅम्प करा. एका फटक्यात ७५ ते ९० मिमी मोकळे होतात. चपट्या जॉबला तसाही चक लागत नाही.

ड्रिल चक बाजूला ठेवून आखूड ड्रिल कोलेटमध्ये धरा. १३० मिमीचं काम ६० मिमीत होतं.

तरीही पुरत नसेल तर काही मशीनना कॉलमखाली ठोकळा घालून उंची वाढवता येते. पण त्याने मशीनचा ताठपणा कमी होतो आणि हेड पुन्हा ट्रॅम करावं (बेडशी काटकोनात जुळवावं) लागतं. मी हा शेवटचा उपाय मानतो.

हा हिशेब तुमच्या यादीतल्या सगळ्यात उंच जॉबसाठी मांडा. तो बसला तर बाकीचे बसतीलच.

४. आडवं, दोन्ही बाजूंनी बसणारं, की कलणारं?

फक्त आडवं बसणारं टेबल सगळ्यात बुटकं असतं. तुमची कामं गोल स्लॉट आणि गोलाई यांचीच असतील तर हे उत्तम.

आडवं आणि उभं असं दोन्ही बसणारं टेबल बहुतेकांनी घ्यावं. उभं केलं की त्याच्या मध्याची रेषा आडवी होते आणि शाफ्टवर स्प्लाइन किंवा गिअरचे दात कापता येतात. लांब शाफ्टला दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार लागतो आणि टेलस्टॉकच्या सेंटरची उंची टेबलाच्या मध्याच्या उंचीशी जुळावी लागते. म्हणून टेलस्टॉक त्याच संचातला किंवा उंची बदलता येणारा घ्या. उंची जुळली नाही तर दात एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ येतात.

कलणारं टेबल आकर्षक दिसतं, पण लहान मशीनसाठी मी ते सुचवणार नाही. ते खूप उंच आणि जड असतं. त्याचा जोड वाढल्यामुळे ताठपणाही कमी होतो. तिरकं भोक क्वचितच पाडावं लागतं, आणि तेवढ्यासाठी अँगल प्लेट किंवा साइन बार पुरतो.

५. गुणोत्तर समजून घ्या

टेबलाच्या आत वर्म (पेचासारखा दांडा) आणि त्याने फिरणारं दातेरी चाक, म्हणजे वर्म व्हील, असतं. हँडलचे किती फेरे फिरवल्यावर तबकडीचा एक फेरा पूर्ण होतो, ते गुणोत्तर सांगतं. ३६:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात तबकडी १० अंश फिरते. ४०:१ मध्ये ९ अंश, ७२:१ मध्ये ५ अंश आणि ९०:१ मध्ये ४ अंश. तीन इंची टेबलांत बहुधा ३६:१ मिळतं. चार इंचीत ७२:१ आणि सहा इंचीत ९०:१ सर्रास दिसतं. तरी गृहीत धरू नका, विचारा. टेबल समोर असेल तर हँडल फिरवून फेरे मोजा.

गुणोत्तर जास्त असेल तर बारीक हालचाल सोपी जाते आणि गोलाई कापताना हातावर ताण येत नाही, पण मोठा कोन फिरवायला वेळ लागतो. त्यासाठी वर्म मोकळा करायची सोय आहे का ते बघा. वर्म बाजूला सरला की तबकडी हाताने फिरते. जॉब मध्यावर आणताना या सोयीचा रोज उपयोग होतो. ती नसलेलं टेबल मी घेणार नाही.

समान भाग पाडायचे असतील तर इंडेक्स प्लेटचा (भोकांची वर्तुळं असलेल्या प्लेटचा) संच घ्याच. सात भाग हवे असतील तर प्रत्येक भाग ५१ अंश २५ मिनिटं आणि जवळपास ४३ सेकंद एवढा होतो. डायलवर वाचून हे सात वेळा जमवताना चूक होतेच. प्लेट असेल तर ९०:१ च्या टेबलावर १२ पूर्ण फेरे आणि २१ भोकांच्या वर्तुळावर १८ भोकं पुढे, एवढंच दर वेळी करायचं. ७२:१ च्या टेबलावर १० फेरे आणि त्याच वर्तुळावर ६ भोकं. रीत साधी आहे: गुणोत्तराला हव्या त्या भागांनी भागा. पूर्णांक म्हणजे फेरे, उरलेला अपूर्णांक म्हणजे भोकं. प्लेटसोबत सेक्टर आर्म (तेवढ्या भोकांचं अंतर धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या) घ्यायला विसरू नका, नाहीतर दर वेळी भोकं मोजत बसावं लागेल. मोजताना हँडलची पिन ज्या भोकात आहे ते शून्य धरायचं, एक नव्हे. नव्या लोकांचं इथे हमखास चुकतं.

प्लेटच्या मर्यादाही लक्षात घ्या. लेथवर इंची-मेट्रिक बदलासाठी लागणारा १२७ दातांचा गिअर नेहमीच्या प्लेटवर होत नाही, कारण १२७ ही मूळ संख्या आहे आणि तेवढ्या भोकांचं वर्तुळ या संचात नसतं. अशी कामं वारंवार असतील तर स्टेपर मोटर लावलेलं टेबल बघा. २०० स्टेपची मोटर, प्रत्येक स्टेपचे १० भाग आणि ९०:१ गुणोत्तर धरलं तर एका फेऱ्याचे १,८०,००० भाग होतात. प्रत्येक भाग ७.२ सेकंदांचा. पण मोटर लावल्याने वर्ममधला बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) जात नाही आणि वर्म व्हीलची मूळ चूकही दुरुस्त होत नाही.

अचूकतेच्या आकड्यांनी दबून जाऊ नका. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. मध्यापासून ५० मिमी अंतरावर एका मिनिटाची चूक म्हणजे साधारण ०.०१५ मिमी. तुमच्या जॉबच्या त्रिज्येवर किती चूक चालेल ते ठरवा आणि मगच सेकंद दाखवणाऱ्या व्हर्निअरचा विचार करा.

६. तबकडीचे स्लॉट आणि मधलं भोक

तीन जॉचा चक मागच्या तीन बोल्टवर बसतो, त्यामुळे तीन किंवा सहा स्लॉटच्या तबकडीवर तो बसवणं सोपं जातं. चार स्लॉट असतील तर मध्ये प्लेट लागते आणि उंचीचे १० ते १५ मिमी जातात. उलट, चार स्लॉटवर चौकोनी किंवा लांबट जॉब क्लॅम्प करणं सोयीचं असतं. कामाची यादी काढून बघा आणि ठरवा.

मधलं भोक चार आणि सहा इंची टेबलांत बहुधा मोर्स टेपर दोनचं (ठरावीक मापाचं निमुळतं) असतं. त्यात बसणारा प्लग टर्न करून घेतलात की भोक असलेले जॉब मध्यावर आणायचं काम क्षणात होतं.

७. टेबल तुमच्या बेडवर बसतंय का?

टेबलाच्या बुडाला क्लॅम्प करायचे कान असतात. त्यांच्यातलं अंतर आणि तुमच्या टी-स्लॉटची जागा जुळते का ते रेखाचित्रावर तपासा. टेबल उभं केल्यावर कान बदलतात, म्हणून दोन्ही स्थितींत तपासा. बुडातल्या चाव्या (स्लॉटमध्ये बसून टेबल सरळ ठेवणारे तुकडे) तुमच्या स्लॉटपेक्षा रुंद निघाल्या तर पायरी काढलेल्या नव्या चाव्या करून घेता येतात.

हँडल हा दुसरा अडथळा. टेबल आडवं ठेवल्यावर हँडल फिरताना मशीनच्या बेडला घासतं का, कॉलमला लागतं का, ते बघा. हँडल बेडच्या कडेबाहेर ठेवावं लागलं तर टेबलाचा मध्य स्पिंडलखाली येईल एवढा प्रवास वायमध्ये उरतो का, हेही मोजा. जाड पुठ्ठ्यावर बुडाचा आकार खऱ्या मापात कापून मशीनवर ठेवला की हे सगळं पाच मिनिटांत कळतं.

वजनाचा विचारही इथेच करा. चार इंची टेबल एका हाताने उचलता येतं. सहा इंची टेबल त्याहून बरंच जड असतं. रोज चढवायचं-उतरवायचं असेल तर तुमच्या पाठीचा विचार करा, आणि लहान मशीनच्या स्लाइडचाही. बेडची रुंदी ९० ते १०० मिमी असेल तर चार इंचीवर थांबा. दीडशे मिमीच्या पुढे असेल तर सहा इंची शोभतं.

८. ताब्यात घेण्याआधी तपासा

नवं असो वा जुनं, तपासणी करा.

तबकडीच्या कडेजवळ डायल लावून पूर्ण फेरा फिरवा. पृष्ठभाग वर-खाली किती होतो ते कळेल. मग मधल्या भोकात डायल लावा. लहान टेबलावर दोन्हीकडे ०.०२ मिमीच्या आत आलं तर समाधान माना. भोकातला फरक जास्त महत्त्वाचा, कारण पुढची सगळी सेटिंग तुम्ही त्या भोकावरूनच करणार आहात.

तबकडी दोन्ही हातांनी वर उचलायचा प्रयत्न करा. डायल हलला तर बेअरिंगमध्ये ढिलाई आहे. ती बहुधा नट आवळून जाते.

बॅकलॅश एकाच जागी तपासू नका. हँडल एका दिशेने फिरवून थांबा, मग उलट फिरवा आणि तबकडी हलायला लागेपर्यंत हँडलच्या डायलवर किती रेषा गेल्या ते बघा. असं तबकडीच्या चार वेगवेगळ्या जागी करा. एका बाजूला घट्ट आणि समोरच्या बाजूला सैल लागलं तर व्हील मध्यावर नाही. जुन्या टेबलात एकाच भागात सैल लागलं तर तिथले दात झिजलेत. वर्म जवळ आणून बॅकलॅश कमी करता येतो, पण सगळ्यात घट्ट जागी धरून, नाहीतर तिथे टेबल अडकेल.

लॉक आवळताना डायलकडे बघा. आवळल्यावर तबकडी सरकत असेल तर प्रत्येक भाग पाडताना तेवढी चूक येणार.

उभं करून गुण्या लावा किंवा स्पिंडलला डायल बांधून हेड वर-खाली करा. तबकडी बुडाशी काटकोनात आहे का ते कळेल.

जुन्या टेबलावर ड्रिलचे खड्डे दिसले तर लगेच नाकारू नका. कडा उचललेली असेल तर तेलदगडाने साफ होते. पण भोकाच्या तोंडावर मार बसलेला असेल किंवा हँडल फिरवताना खरखर येत असेल, तर पुढचं बघा.

९. सोबत लागणाऱ्या गोष्टी

तुमच्या बेडच्या आणि तबकडीच्या अशा दोन्ही मापांचे टी-नट. बुटके क्लॅम्प, कारण मशीनसोबत आलेले नेहमीचे क्लॅम्प लहान तबकडीवर कटरच्या वाटेत येतात. आणि ॲल्युमिनिअमची एक गोल प्लेट. ती तबकडीवर बसवून हवी तिथे टॅप केलेली (आटे पाडलेली) भोकं पाडा. जॉब तिच्यावर धरला की कटर आरपार गेला तरी तबकडीला इजा होत नाही.

१०. पहिल्यांदा बसवताना

नवं टेबल उघडून केरोसीनने धुऊन घ्या. आत ओतकामाची वाळू किंवा लोखंडाची चुरी सापडली तर नवल मानू नका. ती वर्ममध्ये गेली तर दात खाते. पुसून, तेल भरून पुन्हा जोडा.

मध्य जुळवायचा क्रम कायम एकच ठेवा. आधी स्पिंडलला डायल बांधून टेबलाच्या मधल्या भोकात फिरवा आणि एक्स-वाय हलवून टेबलाचा मध्य स्पिंडलखाली आणा. एक्स आणि वायच्या हँडलवरचे दोन्ही डायल शून्यावर करा. त्यानंतर डायल गेज स्थिर ठेवून तबकडी फिरवा आणि जॉब हलक्या हाताने ठोकत टेबलाच्या मध्यावर आणा. आधी जॉब आणि मग टेबल असं केलंत तर दोन्ही चुका एकमेकींत मिसळतात आणि कुठे काय चुकलं ते शोधता येत नाही.

आता त्रिज्येएवढं अंतर एक्समध्ये सरका. कटरने बाहेरची कड कापत असाल तर कटरची अर्धी जाडी त्यात मिळवा. मग एक्स आणि वाय दोन्ही लॉक करा.

कापताना दिशा सांभाळा. कटर वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो. जॉबची बाहेरची कड कापताना टेबलही घड्याळाच्याच दिशेने फिरवा. रिंगची आतली बाजू कापताना उलट दिशेने. असं केलं की कटर जॉबला मागे ढकलतो आणि वर्मचे दात एका बाजूला टेकलेले राहतात. दिशा चुकली तर कटर जॉबला आपल्याकडे ओढतो, बॅकलॅशएवढा झटका बसतो आणि लहान कटर तिथेच तुटतो. फिरवत असताना लॉक किंचित आवळून ठेवा, हँडलला थोडा विरोध जाणवेल एवढाच. भोक पाडताना मात्र पूर्ण आवळा. आणि कोनावर पोहोचताना कायम एकाच दिशेने पोहोचा. पुढे गेलात तर अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने या.

पहिला जॉब म्हणून ॲल्युमिनिअमच्या तुकड्यावर बारा भोकं पाडा आणि समोरासमोरच्या जोड्यांमधलं अंतर व्हर्निअरने मोजा. मग शेजारशेजारच्या भोकांमधलंही मोजा. समोरचं अंतर ठरवलेल्या व्यासाशी जुळत नसेल तर मध्य जुळवताना चूक झालीय. शेजारची अंतरं एकमेकांशी जुळत नसतील तर बॅकलॅश किंवा लॉककडे बघा.